सलग जिंकणाऱ्यांचं करायचं काय?

नमस्कार मंडळी. प्रास्ताविकात माझ्याबद्दल बरंच चांगलं बोलून झालंय, तेव्हा ते खोटं ठरायच्या आत विषयाला हात घालतो.

कुठलाही संघ किंवा खेळाडू लागोपाठ दुसऱ्यांदा जिंकला की क्रीडारसिकांत दोन तट पडतात. एक म्हणतो, काय सातत्य आहे! दुसरा म्हणतो, झालं, आता मजा गेली. तिसऱ्यांदा जिंकला की पहिल्या तटातले निम्मे लोक दुसऱ्यात जाऊन बसतात. पाचव्यांदा जिंकला की सगळे मिळून त्या खेळाचं काही खरं नाही असं ठरवून टाकतात. आणि गंमत म्हणजे तोच जेता एकदा हरला, की दोन-चार वर्षांत हीच मंडळी उसासे टाकायला लागतात, की तसा संघ पुन्हा होणे नाही.

मला आज या दोन्ही तटांशी भांडायचंय. माझं म्हणणं असं, की सलग जेतेपदाचं मोल किती वेळा जिंकले यावर ठरत नाही. त्या जेत्याला हरवायची वाट इतरांसाठी किती मोकळी होती, यावर ते ठरतं. हे मनात ठेवून पाहिलं तर कधी कधी चौदाचा आकडा दोनपुढे फिका पडतो. आणि कंटाळा आलाच, तर राग नेमका कुणावर काढायचा तेही कळतं. बहुतेक वेळा आपण तो भलत्याच माणसावर काढतो.

ताज्या उदाहरणापासून सुरुवात करू. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्स २०२४ साली जिंकले आणि २०२५ सालीही जिंकले. दोनदा जिंकले, त्यात काय एवढं, असं वाटेल. पण याआधी विजेतेपद राखलं होतं ते न्यूयॉर्क यँकीजनी, १९९८ ते २००० अशी तीन वर्षं. मधलं जवळजवळ पाव शतक कोरडं गेलं. डॉजर्सवर आरोप एकच, पैशाच्या जोरावर जिंकतात. आरोप अगदीच निराधार नाही. शोहेई ओतानीशी त्यांनी केलेला करार दहा वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा आहे, आणि त्यातले ६८ कोटी तर करार संपल्यावर पुढे सावकाश द्यायचेत. योशिनोबू यामामोतो या पिचरचा, म्हणजे गोलंदाजाचा, करार बारा वर्षांचा, साडेबत्तीस कोटींचा. या लीगमध्ये संघाच्या एकूण पगारावर कडक मर्यादा नाही. ठरावीक आकडा ओलांडला की कर भरायचा. ज्याला कर परवडतो त्याला संघही परवडतो.

आता याच श्रीमंत संघाचा १ नोव्हेंबर २०२५ चा टोरांटोमधला सामना बघा. टोरांटो ब्लू जेजबरोबरच्या मालिकेत ३-३ अशी बरोबरी झालेली, हा सातवा आणि निर्णायक सामना. नववा, म्हणजे शेवटचा डाव. डॉजर्स ४-३ ने मागे, एक गडी गेलेला, आणखी दोन गेले की खेळ खलास. फलंदाजीला मिगेल रोहास. हा गडी संघात आहे तो प्रामुख्यानं क्षेत्ररक्षणासाठी, फटकेबाज म्हणून कुणी त्याचं नाव घेत नाही. त्यानं चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला. ४-४. मग त्याच डावात टोरांटोची पाळी. तिन्ही बेसवर त्यांची माणसं उभी, एकच गडी बाद, एक धाव आली की जगज्जेते. चेंडू जमिनीलगत रोहासकडेच आला. तो अडखळला, कसाबसा सावरला आणि त्यानं होम प्लेटकडे फेक केली. तिथं धाव पूर्ण होते, आणि धावणारा पोचायच्या आत चेंडू घेऊन पाय टेकला की तो बाद. कॅचर विल स्मिथनं चेंडू घेतला खरा, पण घेताना त्याचा पाय प्लेटवरून उचलला गेला, आणि धावणारा घसरत पोचायच्या अगदी निमिषभर आधी पुन्हा टेकला. चित्रण पाहून पंचांनी गडी बादच दिला. पुढच्या फटक्यावर चेंडू उंच, खोलवर गेला. नुकताच बदली म्हणून आत आलेला अँडी पाहेस धावत सुटला, आपल्याच सहकाऱ्यावर आदळला, तो खाली पडला, आणि झेल मात्र याच्या हातात राहिला. बरोबरीमुळे डाव वाढले, अकराव्या डावात स्मिथनं होमरन, म्हणजे चेंडू थेट प्रेक्षकांत, मारला आणि डॉजर्स ५-४ ने जिंकले.

आता सांगा, यात ७० कोटींचा वाटा किती आणि त्या टेकलेल्या पायाचा किती? सोपं उत्तर नाही, आणि मला ते नसलेलंच आवडतं. कारण शेवटचे आठ गडी बाद करणारा यामामोतो हा आदल्याच रात्री ९६ चेंडू टाकून आलेला होता. तो पैशानंच आणलेला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहायचं असं कुठल्या करारात लिहिलेलं नसतं. पैसा तुम्हाला सातव्या सामन्यापर्यंत आणून सोडतो. तिथून पुढे टोरांटोला जिंकायची वाट पुरेपूर मोकळी होती. दोन-तीन इंच इकडेतिकडे झालं असतं तर आज आपण डॉजर्सबद्दल बोलतही नसतो.

आता जरा गणित. घाबरू नका, गुणाकार येत असला की पुरे. समजा एखादा संघ इतका तगडा आहे, की समोर कोणीही असो, एका सामन्यात त्याच्या जिंकण्याची शक्यता ६० टक्के. सात सामन्यांची मालिका जिंकण्याची त्याची शक्यता मग होते साधारण ७१ टक्के. अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये, एनबीएत, विजेतेपदासाठी अशा चार मालिका जिंकाव्या लागतात. केला गुणाकार की उरतात जेमतेम २५ टक्के. म्हणजे लीगमधला सगळ्यात बलाढ्य संघसुद्धा चारातल्या तीन वर्षी हात हलवत परत जाणार. लागोपाठ दोनदा जिंकायची शक्यता साडेसहा टक्के. तीनदा म्हणाल तर दीड टक्क्याच्या किंचित वर. हे कागदावरचं गणित आहे, दुखापती, थकवा, ड्रेसिंग रूममधली भांडणं यात धरलेलीच नाहीत.

बिल रसेलच्या बोस्टन सेल्टिक्सनी १९५९ ते १९६६ अशी सलग आठ विजेतेपदं मिळवली, आणि हा आकडा ऐकला की आपण तोंडात बोट घालतो. घालायला हरकत नाही. फक्त एवढं ध्यानात असू द्या, की तेव्हा लीगमध्ये आठ-नऊ संघ होते आणि गटात पहिल्या आलेल्या संघाला जेतेपदासाठी दोनच मालिका जिंकायच्या असत. शिकागो बुल्सनी १९९१ ते १९९३ आणि १९९६ ते १९९८ असे दोनदा तीन-तीन चषक घेतले ते जवळजवळ तिप्पट मोठ्या लीगमध्ये, चार मालिका खेळून. माझ्या तराजूत बुल्सचं पारडं जड आहे. सेल्टिक्सच्या चाहत्यांनी मला सभागृहाबाहेर गाठावं.

आणि अलीकडे? २०१९ ते २०२५ या सात मोसमांत एनबीएला सात वेगळे विजेते मिळाले. टोरांटो, लेकर्स, मिलवॉकी, गोल्डन स्टेट, डेन्व्हर, बोस्टन, ओक्लाहोमा सिटी. या काळात एकालाही विजेतेपद राखता आलं नाही. अनेकांना ही आदर्श स्थिती वाटते. मला यात थोडी हळहळ आहे. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२३ च्या नव्या करारानं जास्त खर्च करणाऱ्या संघांवर इतकी बंधनं आणली, की चांगला संघ बांधला की तो टिकवणं अवघड. बोस्टन २०२४ ला जिंकलं. २०२५ च्या प्लेऑफमध्ये जेसन टेटमचा घोट्यामागचा अकिलीस स्नायूबंध तुटला, ते दुर्दैव. पण त्या उन्हाळ्यात पगाराचा बोजा कमी करायला त्यांनी ड्रू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस या दोघांना दुसरीकडे पाठवलं. जेत्याला प्रतिस्पर्ध्यानं हरवावं, हिशेबनिसानं नव्हे. वाट मोकळी करणं वेगळं आणि जेत्याचे पाय बांधणं वेगळं. डॉजर्सना मोकाट सोडणारी व्यवस्था आणि बोस्टनला मोडणारी व्यवस्था, या दोन्हींच्या मधे कुठेतरी योग्य जागा असावी. ती कुणाला सापडलीय असं मला दिसत नाही.

खेळाची रचनाच काही ठिकाणी जेत्याच्या बाजूनं असते, काही ठिकाणी विरुद्ध. टेनिस घ्या. रॉजर फेडररनं २०२४ साली डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात स्वतःचाच हिशेब मांडला होता. १,५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळपास ८० टक्के जिंकले, पण त्यात खेळलेल्या गुणांपैकी जिंकले फक्त ५४ टक्के. म्हणजे शंभरात आठ गुणांची आघाडी, आणि त्यावर विम्बल्डन २००३ ते २००७ सलग पाच वेळा, अमेरिकन ओपन २००४ ते २००८ सलग पाच वेळा. हे कसं होतं? टेनिसमध्ये गुणांचा गेम होतो, गेमांचा सेट होतो, सेटांचा सामना होतो. प्रत्येक पायरीवर वरचढ खेळाडूचा बारीकसा फायदा मोठा होत जातो. पाच सेटांच्या सामन्यात नशीब बिचारं थकून जातं. म्हणून राफेल नदाल मातीच्या कोर्टवर फ्रेंच ओपन चौदा वेळा जिंकू शकतो.

अर्थात कधी कधी याच रचनेतून भलतंच निघतं. २०२५ च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात गतविजेता कार्लोस अल्काराझ यानिक सिनरविरुद्ध दोन सेटनं मागे होता. चौथ्या सेटमध्ये ३-५, शून्य-चाळीस, सिनरकडे तीन मॅच पॉइंट. अल्काराझनं तिन्ही वाचवले आणि ५ तास २९ मिनिटांनी विजेतेपद राखलं. आणि संपूर्ण सामन्यातले गुण मोजले तर सिनरचे एकानं जास्त भरले! पाच आठवड्यांनी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात सिनरनं त्याला चार सेटमध्ये हरवून त्याची तिथली सलग तिसऱ्या विजेतेपदाची संधी हिरावली. या दोघांच्या बाबतीत 'तेच ते दोघं' अशी कुरकुर मी ऐकतो. अहो, दोघांतला कोण जिंकणार हे ज्यांना शेवटच्या गुणापर्यंत सांगता येत नाही, त्यांना 'तेच ते' कसं म्हणायचं?

फुटबॉलमध्ये उलटं. गोल इतके कमी, की एक चुकलेला बॅकपास सगळ्या वर्चस्वावर पाणी फिरवतो. त्यात विश्वचषक चार वर्षांनी एकदा. १९३० पासून २०२२ पर्यंत विजेतेपद राखलं ते फक्त इटलीनं, १९३४ आणि १९३८ ला, आणि ब्राझीलनं, १९५८ आणि १९६२ ला. अर्जेंटिना १९९० ला, ब्राझील १९९८ ला आणि फ्रान्स २०२२ ला अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. बाकी गतविजेत्यांची वाताहत तर बघवत नाही. फ्रान्स २००२ ला एकही गोल न करता पहिल्या फेरीत घरी. इटली २०१० ला, स्पेन २०१४ ला, जर्मनी २०१८ ला, तिघांचाही गाशा पहिल्याच फेरीत गुंडाळला गेला. स्पेनला तर पहिल्याच सामन्यात नेदरलँड्सनं ५-१ असं धुतलं.

यावर ठरलेलं स्पष्टीकरण असतं, की जिंकून दिलेल्या जुन्या खेळाडूंवर प्रशिक्षकांचा जीव जडतो, ते बदलत नाहीत, आणि बुडतात. पटण्यासारखं आहे. १९३८ च्या अंतिम सामन्यातल्या इटलीच्या अकरा जणांत १९३४ चा अंतिम सामना खेळलेले दोनच होते, मेआत्सा आणि फेरारी. प्रशिक्षक वित्तोरिओ पोत्सोनं नऊ माणसं बदलली आणि चषक राखला. झालं, सिद्धांत पक्का! पण मग ब्राझील? १९६२ च्या अंतिम सामन्यातले अकरापैकी आठ जण १९५८ चेच. प्रशिक्षक तेवढा बदलला. पेले दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाला, त्याच्या जागी अमारिल्दो आला, आणि बाकीची जुनीच मंडळी गारिंचाच्या मागे उभी राहिली. गारिंचा उपांत्य सामन्यात मैदानाबाहेर काढला गेला होता. तरीही त्याला अंतिम सामना खेळू दिला. आज असं झालं असतं तर केवढा गदारोळ उठला असता, विचार करा. सांगायचा मुद्दा, की विजेतेपद राखणारे दोघं, आणि दोघांचे मार्ग एकमेकांच्या पूर्ण विरुद्ध. तेव्हा 'बदलायलाच हवं' किंवा 'जिंकणारा संघ मोडू नये' असली ठोकळेबाज वाक्यं कुणी तुमच्या तोंडावर फेकली, तर त्याला या दोन संघांची नावं सांगा.

क्रिकेटमध्ये मात्र मला बदलणाऱ्यांचं जास्त कौतुक आहे. ऑस्ट्रेलियानं १९९९, २००३ आणि २००७ असे तीन विश्वचषक लागोपाठ जिंकले. तिन्ही अंतिम सामने खेळलेले खेळाडू किती? तीन. गिलख्रिस्ट, पाँटिंग आणि मॅकग्रा. १९९९ चा विजेता कर्णधार स्टीव्ह वॉ आणि त्याचा भाऊ मार्क, या दोघांना २००२ साली एकदिवसीय संघातून नारळ मिळाला. जगज्जेत्या कर्णधाराला फॉर्मात नाही म्हणून घरी बसवायला निवड समितीचं काळीज दगडाचं लागतं. २००३ ची स्पर्धा सुरू होण्याच्या तोंडावर शेन वॉर्न बंदी असलेलं औषध घेतल्यावरून परत गेला. तरी त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलिया एकही सामना हरला नाही, आणि २००७ लाही नाही. विश्वचषकातली त्यांची ३४ सामन्यांची अपराजित घोडदौड २०११ साली कोलंबोत पाकिस्ताननं रोखली.

आणि ही सगळी इमारत कशावर उभी आहे? १९९९ चा एजबॅस्टनचा उपांत्य सामना. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात ९ धावा हव्यात, क्लुसनरनं पहिल्या दोन चेंडूंवर दोन चौकार ठोकले. चार चेंडूंत एक धाव. मग चौथ्या चेंडूवर क्लुसनर धावत सुटला, डोनल्ड दुसऱ्या टोकाला चेंडूकडे बघत राहिला, बॅट हातातून गळाली, धावबाद. दोन्ही संघ २१३. बरोबरीत सुटलेल्या त्या सामन्यातून ऑस्ट्रेलिया पुढे गेला तो सुपर सिक्स या आधीच्या साखळी टप्प्यात वरच्या क्रमांकावर होता म्हणून. बहुतेक लांबलचक मालिकांच्या मुळाशी असा एखादा टेकू असतो. त्यानं मालिका हलकी ठरत नाही. उलट ते सामने किती खरे होते, हे त्यातूनच कळतं.

आता ज्या मालिकांपुढे मी हात जोडत नाही त्यांच्याकडे वळू. जर्मन बुंडेसलीगामध्ये बायर्न म्युनिकनं २०१३ ते २०२३ अशी सलग अकरा विजेतेपदं घेतली. इटलीत युव्हेंटसनं २०१२ ते २०२० अशी नऊ. लाटव्हियात स्कोंतो रीगानं १९९१ पासून २००४ पर्यंत चौदा. साखळी स्पर्धेत तीस-पस्तीस सामने होतात, त्यात नशीब धुऊन निघतं आणि चांगला संघ वर येतो, हे ठीक. पण युरोपात जिंकलं की पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीग, तिथं पैसा, त्या पैशातून प्रतिस्पर्ध्याचाच सगळ्यात चांगला खेळाडू उचलायचा, आणि पुन्हा जिंकायचं. कुंपणही त्यांचंच आणि शेतही. यात बायर्नच्या खेळाडूंचा काय दोष? काहीच नाही. ते बिचारे खेळतात तेही उत्तम. पण हा कंटाळा रास्त आहे, फक्त त्याचा पत्ता चुकलाय. तो लीगच्या कार्यालयात पोचवायला हवा. आणि म्हणूनच २०२४ साली बायर लेव्हरकुसेननं लीगमध्ये २८ विजय, ६ बरोबरी, पराभव शून्य अशी कामगिरी करून बायर्नची गादी घेतली, तेव्हा तो पराक्रम माझ्या लेखी बायर्नच्या अकरांतल्या बऱ्याचशांवर भारी होता.

याउलट रणजी करंडकात मुंबईनं १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वेळा जिंकणं. इथं विभागीय साखळीनंतर बाद फेरी होती. म्हणजे दरवर्षी एखादा वाईट दिवस पुरेसा होता, आणि तो पंधरा वर्षं आला नाही. आला तो १९७३-७४ च्या उपांत्य सामन्यात, बंगळूरला, प्रसन्ना-चंद्रशेखर यांच्या कर्नाटकापुढे, पहिल्या डावातल्या आघाडीवर. पुढे कर्नाटकानं करंडकही नेला.

जेत्यानं स्वतःच दार लावून घेतल्याचा नमुना पाहायचा तर नौकाशर्यतींचा अमेरिकाज कप बघा. न्यूयॉर्क यॉट क्लबनं तो १८५१ साली जिंकलेल्या शर्यतीतून आणला आणि १९८३ पर्यंत, म्हणजे १३२ वर्षं, सोडला नाही. खेळांच्या इतिहासातली सगळ्यात लांब मालिका म्हणून ती दाखवली जाते. पण आव्हान देणाऱ्या नौकेनं शर्यतीच्या ठिकाणापर्यंत स्वतःच समुद्र ओलांडून यायचं, असा नियम विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होता! त्यामुळे आव्हानवीराची नौका महासागर झेपेल इतकी दणकट, म्हणजे जड, आणि यजमानाची नौका फक्त शर्यतीसाठी बांधलेली. नियम शिथिल झाले, आणि १९८३ ला 'ऑस्ट्रेलिया टू' या नौकेनं ३-१ अशा पिछाडीवरून ४-३ ने बाजी मारली. तिला पंखांसारखे भाग जोडलेला आगळाच कील, म्हणजे तळाखालचं उभं पातं, होता, आणि तो कुणाला दिसू नये म्हणून किनाऱ्यावर असताना झाकून ठेवत. १३२ वर्षांच्या मालिकेपेक्षा मला तो झाकलेला कील जास्त आठवतो.

फॉर्म्युला वनमध्ये दार लावणं-उघडणं सरळ नियमांतून चालतं. मिशाएल शुमाखर २००० ते २००४ सलग पाच वेळा विश्वविजेता. २००५ साठी नियम आला, की पात्रता फेरी आणि शर्यत एकाच टायरसंचावर काढायची. फेरारीच्या टायरना ते झेपेना. शुमाखरनं त्या वर्षी एकच शर्यत जिंकली, तीही अमेरिकेतली, जिथं मिशेलिनच्या टायरवरचे सगळे संघ सुरुवातीलाच बाहेर पडले आणि सहाच गाड्या धावल्या. २००६ ला टायर बदलायची मुभा परत आली. हा नियम शुमाखरला खाली खेचायला आणला, असं तेव्हा बरेच जण म्हणत. हेतू काय होता ते सोडा. मोसमाच्या आधी जाहीर झालेला आणि सगळ्यांना सारखा लागू असलेला नियम मला चालतो. माझी तक्रार फक्त तो एका वर्षात मागे घेतला याबद्दल आहे. त्यापेक्षा २०२५ चा मोसम स्वच्छ. मॅक्स व्हर्स्टापेन २०२१ ते २०२४ चार वेळा विजेता, नेदरलँड्सच्या शर्यतीनंतर गुणतक्त्यात १०४ गुणांनी मागे, आणि मोसम संपला तेव्हा लँडो नॉरिस ४२३, व्हर्स्टापेन ४२१. चारदा जिंकला तेव्हापेक्षा व्हर्स्टापेन मला त्या हरलेल्या वर्षी मोठा वाटला.

मघाशी कुणीतरी कबड्डीबद्दल चिठ्ठी पाठवलीय. बरोबर आहे, घ्यायलाच हवी. आशियाई खेळांत भारताच्या पुरुष संघानं १९९० ते २०१४ सलग सात सुवर्णपदकं घेतली. २०१४ च्या अंतिम सामन्यात इराण २७-२५ इतका जवळ आला होता. दरम्यान प्रो कबड्डी सुरू झाली, फाझल अत्राचलीसारखे इराणी खेळाडू आपल्या चढाईपटूंबरोबर रोज सराव करू लागले, आपल्या खेळाडूंचे पाय कसे चालतात ते घोटून घेऊ लागले. २०१८ च्या उपांत्य सामन्यात इराणनं २७-१८ असं लोळवलं. त्या वेळी 'आपणच सापाला दूध पाजलं' अशा थाटाचं बरंच बोललं गेलं. मला ते अजिबात पटलं नाही. सात सुवर्णपदकांपेक्षा त्या लीगनं खेळाचं जास्त भलं केलं. पुढच्या हांगझोऊच्या स्पर्धेत आपण इराणलाच हरवून सुवर्ण परत आणलं, तेही ३३-२९ असं, मधे पंचांच्या निर्णयावरून झालेल्या मोठ्या वादासह. त्या सुवर्णाचं वजन आधीच्या काहींपेक्षा जास्त आहे.

बुद्धिबळातल्या मॅग्नस कार्लसनचा मामला सगळ्यांत निराळा. २०१३ पासून पाच जगज्जेतेपदाच्या लढती जिंकल्या आणि २०२२ च्या जुलैत सांगून टाकलं, की पुढची लढत खेळण्यात मला रस नाही. त्याला कुणी हरवलंच नाही, त्यामुळे पुढचे जगज्जेते डिंग लिरेन आणि गुकेश यांच्या डोक्यावर विनाकारण प्रश्नचिन्ह लटकत राहिलं. जेत्यानं न हरता निघून जावं का? त्याचा हक्क आहे, मान्य. पण माझं मत विचाराल तर जेत्यानं खेळून हरावं. गादी रिकामी करून जाण्यापेक्षा ती कुणीतरी हिसकावून घेणं खेळासाठी चांगलं.

शेवटची चिठ्ठी: 'तुमच्या मते सगळ्यात मोठी मालिका कोणती?' एकच नाव घ्यायचं तर एडविन मोझेस. ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत. १९७७ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला तो पश्चिम जर्मनीच्या हाराल्ड श्मिडकडून हरला, आणि त्यानंतर १९८७ च्या जूनपर्यंत सलग १२२ शर्यती जिंकला. इथं पगाराची मर्यादा नाही, गटवारीची सोय नाही, कुणाचा खेळाडू विकत घ्यायचा प्रश्न नाही. आठ मार्गिका, दहा अडथळे, ज्याच्या पायात दम असेल त्यानं यावं. मोझेस भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. दोन अडथळ्यांमध्ये तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेरा पावलं टाकायचा, तेव्हा इतरांची लय मधेच तुटून चौदा-पंधरावर जायची. त्याचं गुपित सगळ्यांना उघड दिसत होतं, मोजता येत होतं, उचलता येत होतं. तरी दहा वर्षं कुणाला तो सापडला नाही. माद्रिदला डॅनी हॅरिसनं त्याला हरवलं तेव्हा मोझेस एकतिशीचा होता. सगळ्यांनी धरलं, की संपला. तीनच महिन्यांनी रोमला जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम शर्यतीत तो पुन्हा उभा राहिला. पहिला मोझेस, ४७.४६ सेकंद. दुसरा हॅरिस आणि तिसरा श्मिड, दोघंही ४७.४८.